बावखलाकाठचे उभे लोक

जिथे काहीच घडत नाही, तिथे किस्से जास्त साचतात असं माझं मत झालंय. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली. दिवसभर धावपळ, आरडाओरडा, तक्रारी. आता आठवायला बसलो तर दोन-तीन गोष्टी हाती लागतात. त्याउलट गेली दोन वर्षं मी वटारच्या एका वाडीत रोज सकाळी अर्धा तास नुसता उभा राहतो, आणि सांगायला बसलो तर ऐकणाऱ्याचा चहा होतो, जेवण होतं, तरी माझं संपत नाही!

नुसता उभा म्हणजे खरंच नुसता उभा. गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर गोल, नजर समोर. अर्ध्या तासाने हालचाल सुरू होते, पण ती इतकी सावकाश, की लांबून बघणाऱ्याला आम्ही अजून उभेच वाटतो. चिनी लोकांची जुनी विद्या आहे ही. आधी उभं राहून ध्यान, मग हलता हलता ध्यान.

शिकवतात रेमी सर. ते जहाजावर फिटर होते. एकदा त्यांचं जहाज तैवानच्या एका बंदरात दुरुस्तीला सात महिने अडकलं. बाकीचे खलाशी जिकडे जायचे तिकडे गेले, सर बागेत गेले. तिथे एक म्हातारी रोज पहाटे झाडाखाली उभी असायची. सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला हे सगळं सांगितलं. म्हणाले, "तिने मला पहिले तीन महिने नुसतं उभं केलं."

आमच्यातल्या राऊत बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "का? काय केलं होतं तुम्ही?"

*

क्लासात आम्ही चौघं. राऊत बाई, मी, नालासोपाऱ्याहून स्कूटरवर येणारा प्रशांत आणि वाडीचे मालक इनास काका.

वाडी मोठी छान. केळी, नारळ, जास्वंदीच्या रांगा, आणि मधोमध बावखल, म्हणजे आमच्या वसईतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठाला एक जुना आंबा. त्याच्याखाली आम्ही.

पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, का आलात? मी म्हटलं, गुडघे. राऊत बाई म्हणाल्या, झोप लागत नाही. प्रशांत एका कंपनीत सेल्सला आहे. तो म्हणाला, "स्ट्रेस, सर. टार्गेटची वाट लागलीय."

इनास काकांनी खरं तर नुसती जागा दिली होती. पण तेही उभे होते, म्हणून सरांनी त्यांनाही विचारलं.

काकांचा उजवा हात थरथरतो. कंपवात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि तोल सांभाळायचे व्यायाम करा म्हणून सांगितलंय. काका म्हणाले, "मला एक कप चहा न्यायचाय."

"कुठे?"

काकांनी बोट दाखवलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून वाडीत एक पायवाट जाते. तिच्या टोकाला एक सपाट दगड आहे. त्यावर फिलोमिना काकू, म्हणजे काकांच्या मिसेस, रोज सकाळी जास्वंदीच्या कळ्या निवडत बसतात. कळ्या खुडून, मोजून, केळीच्या पानात बांधायच्या आणि फुलवाल्याकडे द्यायच्या. हात सारखे कामात. म्हणून लग्न झाल्यापासून सकाळचा पहिला चहा काका करायचे आणि त्या दगडापर्यंत नेऊन द्यायचे. काठोकाठ भरलेला, वाफाळता. हात थरथरायला लागल्यापासून ते बंद झालं. आता काकूच उठतात, स्वतःचा चहा स्वतः करतात. आणि काकांना देतात तो अर्धा कप. सांडू नये म्हणून.

"बाकी काय नको मला," काका म्हणाले. "एक कप. भरलेला. तिथपर्यंत."

सरांनी दारापासून दगडापर्यंत एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "बरं. उभे राहा."

दगडावरून काकूंचा आवाज आला, "चाळीस वर्षं चहा चालत नेला, आता उभं राहून कसा पोचणार?"

*

उभं राहायचं म्हणजे कसं, हे सरांनी समजावलं. "समजा तुम्ही छातीशी एक मोठा फुगा धरलाय. घट्ट धरला तर फुटेल, सैल सोडला तर उडेल."

सगळ्यांनी फुगा धरला. इनास काकांना मात्र काही जमेना. एक हात वर, एक खाली, मान वाकडी.

"काका, फुगा धरा ना!"

"मी कशाला फुगा धरू? मी काय जत्रेतला हाय?"

सरांनी डोकं खाजवलं. "मग तुम्ही काय धरता एरवी?"

"केळ्याचा लोंगर."

"बरं, मग लोंगर धरा."

काकांनी लगेच लोंगर धरला. उजव्या खांद्यावर, डावा हात मागून, जसा आयुष्यभर धरत आले तसा. इतका झकास, की त्यावर खरोखरचा लोंगर नसल्याचं आम्हाला वाईट वाटलं.

सर म्हणाले, "हा जरा खाली घ्या. छातीशी."

"छातीशी कोण घेतो? चीक लागतो कपड्यांना!"

पुढचा आठवडाभर काका रोज सदरा काढून, बनियनवर उभे राहिले.

*

आमच्याकडे घड्याळ नाही. म्हणजे आहे, पण सरांनी ते बंद केलंय. उभं राहताना घड्याळ बघायचं नाही हा नियम. आमचा वेळ चर्चची घंटा सांभाळते. सहाला प्रार्थनेची घंटा झाली की उभं राहायचं. साडेसहाला मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या सकाळच्या उपासनेची, मोठी घंटा झाली की हलायला लागायचं. मधे बोलायचं नाही. मधे कुणी आलं, काही दिसलं, तरी नजर वळवायची नाही.

या नियमामुळे हिराबाईचं प्रकरण झालं.

हिराबाई अर्नाळ्याची. सोपाऱ्याच्या बाजारात जागा धरण्याआधी ती वाटेतल्या दोन-चार घरी मावरं, म्हणजे मासळी, देते. तिने आम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही पाच जण घराकडे तोंड करून, मान किंचित खाली, अगदी गप्प उभे होतो. दगडावर काकूही नव्हत्या, त्या कळ्या द्यायला फाटकापर्यंत गेल्या होत्या.

हिराबाई थबकली. पाटी खाली ठेवली. हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं वो?"

कुणी उत्तर दिलं नाही. नियम!

"अरे देवा," हिराबाई म्हणाली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि आमच्या शेजारी हात जोडून उभी राहिली. चांगली दहा-बारा मिनिटं. डोळे पुसले मधे.

तेवढ्यात काकूंचं मांजर आलं. पाटीपाशी गेलं. पाटीत डोकावलं. हे आम्हा पाचही जणांना समोर स्वच्छ दिसत होतं.

मोठी घंटा झाली. आम्ही हललो. काकूही फाटकावरून परत आल्या. काकू ठणठणीत, काका ठणठणीत. हिराबाईने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, मग पाटीकडे.

"कोनी गेलं नाय," ती म्हणाली, "मंग माझी पापलेटं कशी गेली?"

राऊत बाई पुढे झाल्या आणि शाळेत सांगतात तशा शांतपणे म्हणाल्या, "मला मांजर दिसत होतं. पण सरांनी नजर वळवायची नाही असं सांगितलंय."

*

प्रशांतच्या मनगटावर एक हुशार घड्याळ असतं. पावलं मोजतं, झोप मोजतं, काळीज किती वेळा धडधडलं ते मोजतं. सरांच्या घड्याळबंदीतून त्याने ते सोडवून घेतलं होतं. म्हणाला, "सर, टाइम नाही बघणार. पण डेटा तर पाहिजे ना!"

पहिल्या महिन्यात उभं राहणं म्हणजे काय असतं, ते उभं राहिलेल्यालाच कळतं. पाचव्या मिनिटाला मांड्या कापायला लागतात. दहाव्या मिनिटाला खांद्यात कुणीतरी खिळे ठोकतंय असं वाटतं. पंधराव्या मिनिटाला माणूस आपल्या सगळ्या निर्णयांचा फेरविचार करतो. एके दिवशी प्रशांतच्या हनुवटीवरून घाम टपटप पडत होता, पाय शिलाई मशीनसारखे चालले होते आणि चेहरा लालबुंद. पण गडी हटला नाही. पहिल्यांदाच पूर्ण अर्धा तास!

घंटेच्या थोडं आधी घड्याळ थरथरलं. प्रशांतने नियम मोडून खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

नंतर त्याने आम्हाला स्क्रीन दाखवली. घड्याळाने लिहिलं होतं, तुम्ही बराच वेळ बसून आहात, जरा उठून उभे राहा!

*

गावात कुजबुज होणारच. इनासच्या वाडीत काहीतरी वेगळ्याच देवाचं चाललंय, असं कुणीतरी फादरांच्या कानावर घातलं. फादर तरुण आहेत, हसरे आहेत. ते एका सकाळी स्वतःच आले.

"मंत्र कुठला म्हणता?" त्यांनी सरांना विचारलं.

"कुठलाच नाही, फादर."

"मग मनात काय आणायचं?"

"काहीच नाही. गुडघे वाकवायचे."

फादर म्हणाले, "बघू." आणि झग्यासकट आमच्या रांगेत उभे राहिले. दहा मिनिटं उभे राहिले, घाम पुसला, आणि मिस्साला उशीर होईल म्हणून निघाले. जाता जाता आमच्याकडे वळून बघत राहिले.

सरांनी विचारलं, "काही आक्षेप, फादर?"

"आक्षेप नाही," फादर म्हणाले. "हे लोक माझ्या प्रवचनाला एवढे स्थिर का बसत नाहीत, तेवढं सांगा!"

*

उभं राहणं जरा जमल्यावर सरांनी जोडीने करायचा एक प्रकार काढला. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि हळूच ढकलायचं. ज्याला ढकललं त्याने जोर लावायचा नाही, नुसतं वळायचं. येणाऱ्याला वाट करून द्यायची.

प्रशांतची जोडी राऊत बाईंशी लागली. प्रशांत जिमला जाणारा, दंड असे. राऊत बाईंचं वय चौसष्ट आणि वजन पिशवीसकट पंचेचाळीस किलो.

"बाई, सांभाळून हां," प्रशांत म्हणाला. "मी हळूच करतो."

तो हळूच करत होता हे मी पाहिलंय. बाई हलल्याच नाहीत. मग त्याने जरा जोर लावला. तरी नाही. मग त्याचा अहंकार दुखावला असावा, कारण तिसऱ्या वेळी त्याने सगळं वजन टाकलं. नेमकं त्याच क्षणी बाईंना वाटलं, की मागे मी गप्पा मारतोय. शाळेतली जुनी सवय! त्या "कोण बोलतंय?" म्हणून कमरेतून वळल्या.

प्रशांत त्यांच्या बाजूने गेला, माझ्या बाजूने गेला आणि थेट बावखलात गेला.

सर आनंदाने ओरडले, "हेच! हेच म्हणतोय मी! बाई, पुन्हा करा!"

बावखलातून प्रशांतचं डोकं वर आलं. इनास काका काठावर वाकून त्याला म्हणाले, "गेलायस तसा दोन मासे घेऊन ये."

*

आता काकूंच्या चहाबद्दल सांगायलाच हवं.

क्लास संपला की काकू सगळ्यांना चहा देतात. चहा म्हणजे निखारा! टेलिफोन खात्याच्या कँटीनमध्ये वाढलेला माणूस मी, मलाही फुंकून फुंकून प्यावा लागतो. काकू मात्र तो गटागट पितात. कोमट चहा त्यांना चालत नाही. चालत नाही म्हणजे अपमान वाटतो. बोलता बोलता कप जरा निवला, की दगडाशेजारच्या जास्वंदीच्या मुळाशी ओततात आणि दुसरा आणायला उठतात. जावई असो, फादर असो, समोर कोण बसलंय ते बघत नाहीत. ती एक जास्वंद वाडीत सगळ्यात जोमदार आहे.

एका सकाळी सहाची घंटा झाली. आम्ही उभे राहिलो. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा झाली असतील, वीस झाली असतील. मोठी घंटा काही होईना. ऊन आंब्याच्या शेंड्यावर आलं. तिथून खाली उतरलं. बुंध्यावर आलं. शाळेची मुलं रस्त्याने जाऊ लागली.

कुणीच हलेना. मला वाटलं, सर हलतील. सरांना वाटलं, आज यांना तंद्री लागलीय, कशाला मोडा. राऊत बाईंना वाटलं, परीक्षा आहे. प्रशांतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ध्यानाचं नव्हतं.

शेवटी काकू ट्रे घेऊन आल्या. "घंटेची दोरी तुटलीय," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला माहीत आहे. तुमच्यासाठी तीन वेळा चहा गरम केला!"

त्यांनी ट्रेमधल्या कपाला बोट लावलं, आणि पाचही कप एकामागोमाग एक जास्वंदीला घातले.

*

जानेवारीत गावचा सण झाला. काकांकडे पाहुणे, लेकी, जावई, मुंबईची भाची. मीही होतो जेवायला.

दुपारी काका आत गेले आणि चहाचा कप घेऊन बाहेर आले. भरलेला. बहुतेक त्यांना वाटलं असावं, सात-आठ महिने उभा राहतोय, आता जमेल. ओटीच्या मधोमध हात उसळला आणि चहा मोठ्या जावयाच्या पांढऱ्या पँटवर गेला. जावई बिचारा पँट झटकत उठला. पण कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काका, डान्स चाललाय का?" आणि सगळे हसले. काकाही हसले. मला ते हसणं बघवलं नाही, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी काका क्लासला आले नाहीत. तिसऱ्याही नाही. आता गंमत अशी, की क्लास त्यांच्याच वाडीत! त्यांच्या खोलीची खिडकी आंब्यासमोर. आम्ही उभे, आणि खिडकीत पडदा. त्यांची जागा आमच्या रांगेत रिकामी. सर एकदा आत जाऊन आले. काका म्हणाले म्हणे, "तुमचं चालू द्या. जागा वापरा. मला नका बोलवू."

असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सहाची घंटा झाली आणि फिलोमिना काकू कळ्यांची टोपली खाली ठेवून आल्या. काकांच्या जागेवर उभ्या राहिल्या. कशा? पाय काठीसारखे ताठ, हात कमरेवर, मान वर, भांडायला उभ्या राहिल्यासारख्या.

सरांनी काही दुरुस्त केलं नाही.

पाच मिनिटांनी पडदा हलला. आणखी दोन मिनिटांनी खिडकीतून आवाज आला, "गुडघे वाकव."

काकूंनी गुडघे वाकवले नाहीत.

"हात गोल कर. लोंगर धरल्यासारखा."

काकूंनी हात खिशात घालायचेच काय ते बाकी ठेवले, कारण खिसे नव्हते.

"अगं, तसं नसतं ते!"

"मला काय माहीत कसं असतं," काकू समोर बघत म्हणाल्या. "ज्याला येतं तो झोपलाय आत."

दार उघडलं. काका बनियनवरच बाहेर आले, तावातावाने चालत, आणि त्यांनी काकूंना बाजूला केलं. "बघा ना, सर! बाई सात महिने रोज समोर बसलीय, आणि एक गोष्ट शिकली नाय!"

ते जागेवर उभे राहिले. काकूंनी टोपली उचलली आणि दगडाकडे गेल्या.

*

त्यानंतर सरांनी काकांचं शिकणं बदललं. म्हणाले, "काका, आजवर तुम्ही काय केलंत? हात थांबवायला बघितलात. आता थांबवू नका. थरथरतोय, थरथरू द्या. त्याच्याकडे बघूच नका. कप हाताने न्यायचा नसतो, पायांनी न्यायचा असतो."

मग ते सावकाश चालणं. एक पाय पुढे ठेवायचा, रिकामा. टाच टेकवायची. वजन अजून मागेच. मग गूळ पातेल्यात विरघळतो तसं वजन हळूहळू पुढे. मग मागचा पाय उचलायचा. एका पावलाला मी तीन श्वास मोजले. राऊत बाईंनी दारापासून दगडापर्यंतचं अंतर मोजलं. एकोणचाळीस पावलं.

काका स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी घ्यायचे आणि निघायचे. पहिल्या दिवशी दगडापाशी पोहोचले तेव्हा पेल्यात तळाशी घोटभर पाणी होतं. काकूंनी कळ्या मोजता मोजता पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात तर चिमणी आंघोळ करणार नाही."

काका परत गेले. पेला भरला. पुन्हा निघाले.

रोज असं दहा-बारा वेळा. फेब्रुवारी संपता संपता एक गंमत आमच्या लक्षात आली. सगळी वाडी कोरडी व्हायला लागलेली, पण त्या पायवाटेच्या उजव्या बाजूला दारापासून दगडापर्यंत हिरव्या गवताची एक सरळ पट्टी उगवली होती! काकांनी सांडलेल्या पाण्यावर.

मार्चात ते गवत दगडाकडच्या बाजूने पिवळं पडायला लागलं. एप्रिलमध्ये निम्मी पट्टी वाळली. रोज सकाळी आम्ही आल्या आल्या आधी गवत बघायचो. आणखी वीतभर वाळलेलं दिसलं, की प्रशांत खुणेनेच मला टाळी द्यायचा. गवत वाळलं म्हणून आनंद झालेली माणसं वटारमध्ये तेवढीच असतील.

गवत कोण, कशाला बघतंय हे काकूंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. पायवाटेच्या त्या बाजूला त्या कधी बादलीही हिसळत नव्हत्या, एवढं मात्र मी पाहिलं.

*

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. साडेसहाची मोठी घंटा झाली. आम्ही हलायला लागलो. हात ढगांसारखे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी वळलो तर शेजारी काका नाहीत.

मागचं दार उघडलं. काका बाहेर आले. हातात स्टीलचा पेला नव्हता. काकूंचा निळ्या फुलांचा चिनी मातीचा कप होता, बशीशिवाय. काठोकाठ भरलेला चहा, वर वाफ.

काकू दगडावर बसलेल्या, पाठ दाराकडे. कळ्या मोजत होत्या.

सरांनी आम्हाला थांबवलं नाही. नुसते डोळ्यांनी म्हणाले, चालू ठेवा. तेव्हा आम्ही चौघं सावकाश हलतोय, आणि काका सावकाश चालतायत. पाय पुढे, टाच, वजन. पाय पुढे, टाच, वजन. हात थरथरत होता. चांगलाच थरथरत होता. कपातला चहा या काठावरून त्या काठावर जात होता आणि परत येत होता. काका त्याच्याकडे बघत नव्हते.

चर्चच्या लाउडस्पीकरवर पहिलं गाणं सुरू झालं. काका पाचव्या पावलावर. गाणं संपलं, काका बाराव्यावर. तोवर वाफ दिसेनाशी झाली होती. राऊत बाईंचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. बायबलचं वाचन सुरू झालं. फाटकातून हिराबाई आली, "ओ काकू" म्हणायला तोंड उघडलं, काकांना पाहिलं आणि उघडं तोंड मिटून घेतलं. तिने पाटी खाली ठेवली. या वेळी त्यावर फडकं टाकलं, आणि उभी राहिली.

विसाव्या पावलावर काका एका पायावर थांबले. चहा काठावर चढला, फुगला. प्रशांतने श्वास धरला. चहा खाली उतरला. काकांनी टाच टेकवली.

वाचन संपून फादरांचं बोलणं सुरू झालं. सकाळच्या वाऱ्याने चहावर साय धरायला लागली. तीस. एकतीस. माझे गुडघे काकांसाठी दुखायला लागले. पस्तीस. चहाची साय आता चांगली जाड, सुरकुतलेली. अडतीस.

एकोणचाळीस.

"घे," काका म्हणाले.

काकूंनी कळी पानावर ठेवली. हात पदराला पुसले. मागे वळून कप दोन्ही हातांनी घेतला. पायवाटेकडे एकदा पाहिलं, दारापर्यंत. सगळी कोरडी होती.

मग त्यांनी कपात पाहिलं. आम्ही सगळ्यांनी जास्वंदीकडे पाहिलं.

काकूंनी बोटाने साय बाजूला केली. कप ओठांपाशी नेला, थांबल्या, आणि दोनदा फुंकर मारली.

"एवढा गरम आणतात का?" त्या म्हणाल्या. "जरा निवू दे."